बानित्सेतली दोन नाणी

गावातली बाकीची घरं चीज भरलेली बानित्सा एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळीच कापतात. आमच्याकडे ती पहिल्या जानेवारीला दुपारी कापतात, कारण तो संत वासिलचा दिवस आणि माझं नाव वासिल. घरधन्याच्या नावाचा दिवस उजाडल्याशिवाय नशीब कसं वाटायचं, असं माझी बायको स्तान्का म्हणायची. ती जाऊन चार वर्षं झाली. आता बानित्सा मीच करतो. पातळ पोळ्यांचं पाकीट दुकानातून आणायचं, त्यात चीज, अंडी आणि दही भरायचं, लोणी फासून लांब गुंडाळ्या करायच्या आणि त्या गोल ट्रेमध्ये वेटोळं घालून बसवायच्या. आत कुठेतरी एक नाणं खुपसायचं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल, त्याचं वर्ष चांगलं जातं.

या वर्षी मात्र नशिबाच्या आधी नाणंच बदललं. आमच्या देशाचा जुना पैसा, लेव, गेला आणि त्याच पहाटे युरो आला.

मला कुणी विचारलंच तर सांगतो, मला हा प्रकार अजिबात आवडलेला नाही. एका युरोचे म्हणे एक लेव पंच्याण्णव, आणि वर आणखी काही शेपूट. मी आपला दोननं भागतो. भागायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एकदा भागलेलं पुन्हा भागलं जातं याला. दुकानात प्रत्येक वस्तूवर ऑगस्टपासून दोन-दोन किमती लावलेल्या. मी एकीला निम्मी करायचो, दुसरीला दुप्पट करायचो, आणि काउंटरपाशी पोचेपर्यंत पाव घ्यायचाय की कांदे, हेच डोक्यातून निघून जायचं. तरी मी चाळीस वर्षं बस चालवली आहे. आमचं गाव ते स्विश्तोव्ह, तिकिटं फाडत, सुट्टे देत. हिशोबाचं मला भय नव्हतं.

डिसेंबरात लाकूडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साठ." मी म्हटलं, "ठीक, साठ लेव." तो म्हणाला, "आजोबा, साठ युरो." मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, "बरं, मग तीस घे." आता यात इतकं हसण्यासारखं काय होतं? पण तो हसला, आणि त्यानं हे गावभर केलं. दोनच दिवसांनी प्लोव्हदिवहून माझ्या मुलीचा, नेदाचा फोन.

"बाबा, तुम्ही लाकडं उलट्या हिशोबानं मागितलीत?"

"उलटं काय त्यात? देश उलटा झालाय."

"आणि परवा मला सांगितलंत की पेन्शन निम्मं केलं म्हणून. रडलात तुम्ही फोनवर."

"निम्मंच आहे ते. पोस्टातल्या बाईनं स्वतः आकडा दाखवला."

"युरोत आहे तो, बाबा! युरोत!" मग ती बराच वेळ गप्प राहिली. मला तिचा राग परवडतो, तिचं गप्प राहणं परवडत नाही. "आता तुम्ही एकटे राहायचं नाही. आम्ही खोली रिकामी केलीय. नव्या वर्षाला येतो आणि तुम्हाला घेऊनच जातो."

प्लोव्हदिवचा फ्लॅट मी पाहिला आहे. चौथा मजला, आणि बाल्कनीत कपडे धुण्याचं मशीन. तिथं मी काय करणार, मशीन फिरताना बघत बसणार? इथं माझ्या द्राक्षाच्या वेली आहेत, फेब्रुवारीत त्या छाटायच्या असतात. इथं स्तान्काची कबर आहे, चालत जाता येते. मी भांड भांड भांडलो. शेवटी म्हटलं, "संत वासिललाच ठरवू दे. नाणं घराच्या किंवा माझ्या तुकड्यात निघालं तर मी राहणार. तुझ्या किंवा तुझ्या नवऱ्याच्या तुकड्यात निघालं तर मुकाट्यानं गाडीत बसेन."

ती इतकी थकली होती की हो म्हणाली.

आता यात मी लबाडी करणार होतो, हे वेगळं सांगायला नको. वेटोळ्याचं बाहेरचं टोक कुठे संपतं ते भाजल्यावरही दिसतं. नाणं तिथंच खाली सरकवायचं. आमच्यात पहिला तुकडा देवमातेचा, दुसरा घराचा, मग वयानुसार माणसांचे. कापणारा मी. सुरुवात कुठून करायची ते मी ठरवणार. फसवणूक म्हणाल तर म्हणा. स्वतःच्या घरात राहण्यासाठी माणूस याहून वाईट गोष्टी करतो.

पहाटे उठून बानित्सा लावली. लेवाचं नाणं टोकाखाली नीट सरकवलं. एवढी वर्षं लेवानंच नशीब काढलं, शेवटचं कामही त्यालाच द्यावं असं मनात आलं होतं. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि मी दाढी करायला बसलो.

दहाच्या पुढे नेदा आणि माझा जावई प्लामेन आले. प्लामेन आला तोच तणतणत.

"पेट्रोल पंपावर लुटलं मला! शंभर लेवाची नोट दिली, बाबा, आणि त्या पोरीनं हातावर युरोचा खुर्दा टेकवला. दहा मिनिटं मोबाइलवर हिशोब करत उभा होतो. मागे रांग हॉर्न वाजवतेय."

"मग? लुटलं होतं का?"

"नाही... बरोबर होतं. मीच सुरुवातीला गुणायच्या ऐवजी भागत होतो."

मी नेदाकडे पाहिलं. "बघ. जावईबापूंचं चुकलं तर तो युरोचा दोष. माझं चुकलं तर माझं डोकं."

"बाबा, सणाच्या दिवशी नको," ती म्हणाली. पण ओशाळली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारचा दोंचो राकियाची बाटली घेऊन आला. नावाच्या दिवशी बोलवावं लागत नाही, आणि दोंचोला तर कधीच लागत नाही. आम्ही शाळेपासूनचे. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"वासिल, मी चर्चमध्ये आज मोठा घोळ घातला," तो कोट काढता काढता म्हणाला. "मेणबत्ती घेतली. पाच लेव दिले. बाईनं परत काहीतरी भलतंच दिलं. मी म्हटलं, बाई, हे माझं नाही, कुणाचं तरी राहिलंय इथं. आणि दिलं परत."

"सगळं?"

"सगळं. वर ती म्हणाली देव तुमचं भलं करो. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

प्लामेन खुर्चीत वाकून वाकून हसला. नेदासुद्धा हसली. दोंचोला कुणी प्लोव्हदिवला नेत नव्हतं. त्याची मुलं इटलीत, त्यांना फुरसत नाही. या माणसाच्या मुलांनी फोन केला असता तर त्यालाही एक खोली रिकामी करून मिळाली असती, असं माझ्या मनात आलं. मग मला स्वतःचीच लाज वाटली, कारण दोंचोनं ती खोली आनंदानं घेतली असती.

बानित्सा मधे ठेवली. रीतीप्रमाणे ट्रे तीनदा फिरवला. मी डोळे मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून टोक कुठे थांबतंय ते पाहिलं. सुरी लावली. "हा देवमातेचा." तो तुकडा देव्हाऱ्यातल्या तसबिरीपाशी गेला. "हा घराचा." मग माझा, दोंचोचा, प्लामेनचा, नेदाचा.

घराचा तुकडा मी सगळ्यांसमोर काट्यानं उकलला. काटा टक्कन वाजला.

"निघालं!" मी ओरडलो. वयाला न शोभेल असा ओरडलो. "घराचं निघालं! संतानं सांगितलं, वासिल इथंच राहणार!"

दोंचोनं पेला उचलला. प्लामेननं खांदे उडवले. नेदा नाण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ती माझी मुलगी आहे, तिला सगळं कळलं असणार. पण ती एवढंच म्हणाली, "ठरलं होतं ते ठरलं होतं." आणि आपला तुकडा खाऊ लागली.

मी असा हलका झालो होतो की काय सांगू. मी वेलींबद्दल बोलत सुटलो, छाटणीला कोण कोण येईल, वाइन कोणती उघडायची. आणि प्लामेन ओरडला, "आई गं!"

त्यानं गाल धरला. तोंडात बोट घालून त्यानं काहीतरी बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. नाणं होतं. नवं कोरं, चकचकीत, चीज लागलेलं. एक युरो.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"दोन कशी?" दोंचो म्हणाला. "वासिल, दोन कशी? एका घराला एक नशीब असतं."

प्लामेननं लेव आणि युरो शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच चेहरा, रीलाचा संत इव्हान. "हे बघा, संताची नोकरी पक्की. मालक बदलला तरी हा आपल्या जागेवर."

"तुकडा तुझा आहे, प्लामेन," दोंचो बोट नाचवत म्हणाला. "म्हणजे वासिल जाणार. पण आधी घराचं निघालं, म्हणजे वासिल राहणार. म्हणजे... थांबा. वासिल राहणार आणि जाणार?"

"लेव बाद आहे आजपासून!" प्लामेन आता रंगात आला होता. "युरोच खरा."

"बाद कसा? मी सकाळी चर्चमध्ये दिला ना!"

"हां, तेही खरं. महिनाभर दोन्ही चालतात. टीव्हीवर रोज सांगतात. एकतीस जानेवारीपर्यंत लेव द्या, पण सुट्टे युरोतच मिळणार."

"झालं तर मग!" दोंचोनं टेबलावर थाप मारली. "वासिल, तू संताला लेव दिलास आणि संतानं तुला सुट्टे म्हणून युरो परत दिला!"

ते दोघं हसत होते. कुणीतरी माझ्या हातातून घर काढून घेत होतं, माझ्याच टेबलावर बसून, माझीच बानित्सा खात. आणि ते कोण, हे मला ठाऊक होतं.

"नेदा," मी म्हटलं, "तुला लाज वाटायला हवी होती."

"मी काय केलं?"

"युरो कुणी घातला मग? तुझी आई असती तर तिनं तुला या टेबलावर बसू दिलं नसतं."

तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, आम्ही आलो तेव्हा बानित्सा भाजून झाली होती. मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"मग तुझ्या नवऱ्यानं."

"मी स्वतःचा दात पाडून घ्यायला?" प्लामेन म्हणाला.

"या घरात युरो एकाच ठिकाणी आहेत," मी उठलो. माझा आवाज चढला होता. "डिसेंबरात पोस्टातून वीस लेव देऊन नाण्यांचं पाकीट आणलं, ते. नवे पैसे ओळखता यावेत म्हणून. ते अजून फोडलेलं नाही. सीलबंद आहे! आणून दाखवतो. मग ज्यानं कुणी हे केलंय त्यानं तोंड लपवावं."

पाकीट झोपायच्या खोलीत, कपाटात, स्तान्काच्या शालींच्या मागे होतं. मी हात घातला आणि ते बाहेर काढलं.

ते फोडलेलं होतं.

एक कोपरा दातांनी फाडल्यासारखा. प्लास्टिकवर पांढरं लोणी थिजलेलं, लोण्यात चीजचा एक कण. सकाळपासून या घरात लोणी फक्त माझ्या हाताला लागलं होतं. रात्री इथं दुसरं कुणी नव्हतं, पहाटेही नव्हतं. मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसलो आणि आठवायचा प्रयत्न केला. लेव घातला ते आठवत होतं, अगदी स्वच्छ. त्याच्या आधी काय? मी कपाटापाशी आलो होतो का? आज नवे पैसे लागू झाले, नवं नाणं घालू, असं मला वाटलं होतं का? वाटलं असेल. मी घातलं असेल. आणि मग विसरून दुसरं घातलं. तिथं काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा. मी तिच्यात खूप वेळ हात घालत राहिलो.

भीती वाटली. इतकी भीती मला आयुष्यात एकदाच वाटली होती, बर्फात ब्रेक लागले नव्हते तेव्हा.

मान वर केली तर दारात नेदा उभी. तिनं पाकीट पाहिलं, कोपरा पाहिला, माझे हात पाहिले. मी पाकीट शालींखाली ढकललं, लहान मुलासारखं. ती वळली आणि टेबलाकडे गेली. मी तिच्या मागे गेलो. आता काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो, पण तोंड उघडायच्या आतच ती बोलली.

"मी घातला," ती म्हणाली. "युरो मी घातला. खोटं बोलले मघाशी."

"तू?" प्लामेनचा घास हातात राहिला. "केव्हा?"

"आल्या आल्या. तू गाडीतून पिशव्या काढत होतास तेव्हा. सुरीनं खालून सरकवला. माझ्या तुकड्यात यावा म्हणून. तोही चुकीच्या जागी गेला."

प्लामेन तिच्याकडे बघत राहिला. आल्या आल्या तिनं त्याच्याबरोबर पिशव्या उचलल्या होत्या, हे त्याला आठवत असणार. पण तो बरा माणूस आहे. हातातला घास त्यानं तोंडात टाकला.

दोंचोला मात्र आनंद आवरेना. "बापाची लेक! वासिल, तूही टोकाखाली सरकवला होतास ना? मी पाहिलं, तू डोळे किलकिले केलेस! दोघं चोर, आणि संत बिचारा मधे!"

मी हसलो. हसावंच लागलं. माझ्या मुलीनं गावातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या माणसासमोर स्वतःला लबाड म्हणवून घेतलं होतं, आणि ते तोंड बंद ठेवायचं तर मला हसणं भाग होतं.

"मग आता न्याय काय?" दोंचोनं विचारलं.

प्लामेननं दोन्ही नाणी हातात घेऊन खुळखुळवली. "सरकारनं केला तोच. जानेवारीअखेरपर्यंत लेव चालतो, तोवर बाबा घरात. पुढे नुसता युरो, तेव्हा बाबा आमच्याकडे. आणि वेली छाटायला मी स्वतः घेऊन येईन, शब्द."

तो थट्टेत बोलला होता. त्याला वाटलं होतं मी भडकेन. सगळे माझ्या भडकण्याची वाट बघत होते.

"बरं," मी म्हटलं.

दोंचोनं पेला खाली ठेवला. "बरं? तू बरं म्हणालास?"

"म्हणालो. त्या कोबीच्या सार्मी घे, निवतायत."

जेवणं झाल्यावर प्लामेन आणि दोंचो अंगणात वेली बघायला गेले. नेदा ट्रे घासत होती. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिलो.

"तू नाही घातलास तो."

"नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

"दोंचोकाकांसमोर काय होऊ द्यायला हवं होतं?" तिनं ट्रे उलटा केला आणि पाठही घासू लागली, जिथं घासण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "केव्हापासून, बाबा?"

आज पहिल्यांदाच, असं सांगता आलं असतं. तिनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"द्राक्षं काढली तेव्हापासून," मी म्हटलं. "तेव्हा एकदा चौकात उभा होतो आणि घराचा रस्ता कुठला ते कळेना. त्याच चौकातून मी चाळीस वर्षं बस वळवली. बाकावर बसून राहिलो. मग दोंचो आला आणि त्याच्या मागे मागे निघालो. त्याला काही कळलं नाही, तो बोलत होता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. मग हा युरोचा गोंधळ वाढला." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मी चारचौघांत त्याला शिव्या घालतो, नेदा. पण मनातून मला तो फार बरा वाटला. सगळा देशच चुकायला लागला. पोस्टातली बाई चुकतेय, दोंचो चुकतोय, तुझा नवरा पंपावर चुकतोय. त्या सगळ्यांत मी एक. कुणाच्या लक्षात येणार होतं?"

तिनं नळ बंद केला.

"पण आता हे शिकतील सगळे," मी म्हटलं. "महिन्याभरात नाही तर दोन महिन्यांत. दोंचोसुद्धा शिकेल. मग चुकणारा मी एकटाच उरेन."

हात न पुसता तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बसमध्ये माझ्या सीटमागे उभी राहून पूर्ण फेरी करायची, तेव्हा वळणावर धरायची तशी. बाही ओली झाली. बाहेरून प्लामेननं हाक मारली, दोंचोनं हाक मारली, पण तिनं ती सोडली नाही.